तिसऱ्या रविवारी हरकत घ्यायला गेलो होतो

गेल्या रविवारी क्रांती चौकाचा सिग्नल तोडून मी चर्चला पोचलो, ते भांडण करायला. खोटं कशाला सांगू...

आमच्या मंडळीत लग्न ठरलं की तीन रविवार मुला-मुलीची नावं वाचून दाखवतात. कोणाची हरकत असेल तर उभं राहून सांगा, असं पाळकसाहेब विचारतात. तिचं नाव दोनदा वाचून झालं होतं. मुलगा लासूर स्टेशनचा, सरकारी नोकरीतला.

ती चर्चमध्ये गाते, मी ढोलकी वाजवतो. चार वर्षं मला वाटत होतं, आमचं जमलंय. तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं, आणि या स्थळाला तर स्वतः हो म्हणाली. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षात सोडलं, सरांशी भांडून... आता वाळूजच्या एका कंपनीत कंत्राटावर आहे. म्हणूनच नको झालो, असं डोक्यात बसलं. शनिवारी तिला मेसेज टाकला, "उद्या मी उभा राहणार. बघच." तिनं वाचला.

गेटपाशी शांतवन काका भेटले, आमचे पेटीवाले. सत्तरी पार, पण पुंडलिकनगरहून सायकलवर येतात.

"सलाम, काका."

"सलाम. काय रे, हात मोडले का तुझे? दोन रविवार ढोलकीला शिवला नाहीस."

"कशाची स्तुती करू, काका? देवानं दिलंय काय मला?"

"मग भांड की त्याच्याशी. मी बी भांडतो. तुझी काकू गेली, त्याच्या पुढच्या रविवारी पेटीवर बसलो, ते काय लई आनंदात होतो म्हणून? चारही गाण्यांत रडलो. म्हटलं, देवा, एवढंच उरलंय, घे."

मला राग आला. म्हाताऱ्यांचं बरं असतं, असं मनात म्हणत मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी आई. माझ्या मनात काय चाललंय, ते तिनं ओळखलं होतं.

उपकारस्तुतीची वेळ झाली. ज्याला देवाचे आभार मानायचे तो उभा राहतो. कोणाचं ऑपरेशन नीट झालं, कोणाच्या पोराला ॲडमिशन मिळाली... मग ती उठली.

"लग्न ठरलं म्हणून..." एवढंच म्हणाली अन् थांबली. नजर माझ्यावर. हातातलं गायनपुस्तक तिनं छातीशी धरलं. चार वर्षं मी त्या चेहऱ्यावर काय काय शोधलं होतं. आज तिथं भीती होती... माझी.

आणि मी आजवर माझ्या रागालाच प्रेम समजत आलो होतो.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. "कोणाची हरकत?" आईनं माझा शर्ट मुठीत धरला. "उठलास तर घरी येऊ नको," हळूच म्हणाली. आईला काय सांगू... मी आता उठणारच नव्हतो. मी खाली बघत राहिलो. शेवटी पाळकसाहेबांनी पुढचं गाणं सांगितलं.

काकांनी पेटी सुरू केली. ताल धरायला कोणी नाही, मंडळी मागं-पुढं व्हायला लागली. मी उठलो, तशी तिनं डोळे मिटून घेतले. मी तिच्या बाजूनं सरळ पुढं गेलो अन् ढोलकीवर बसलो.

गाणं आनंदाचं होतं. मला एक शब्द म्हणवला नाही, नुसते हात चालत होते. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज लागला... तेव्हा कुठं मी श्वास सोडला. दुपारी तिला "माफ कर" लिहिलं अन् नंबर काढून टाकला.

दुःख कमी झालं, असं काही नाही. आजही शिफ्टच्या बसमध्ये तोंड खिडकीकडं करून बसतो. पण तुमच्यापैकी कोणी, मन भरून येईल तेव्हा देवाची स्तुती करू, असं म्हणून बाहेर गाडीवर बसून राहिलं असेल... तर आत जा. राग घेऊन जा, रडत जा. गाता येत नसेल तर शेजारच्याचं पुस्तक धरा.

एका मुलीचं आयुष्य नासवायला निघालो होतो, प्रभूनं मला गप्प बसवलं. आभार मानायला माझ्याकडं सध्या एवढंच आहे... पण आहे.