भूगोलातले सात

गव्हाणच्या तुळशीराम घरताने वयाच्या दहाव्या वर्षी मिठागरात पाय ठेवला तो सव्विसाव्या वर्षी बाहेर काढला. मधल्या सोळा वर्षांत दिवसा मीठ ओढलं आणि राहिलेल्या वेळात मॅट्रिकचा अभ्यास केला. पहिल्या खेपेला इंग्रजीत चार मार्कांनी गेला. त्याबद्दल तो कधी परीक्षकाला बोलला नाही, नशिबालाही नाही. चार मार्कांचा अभ्यास कमी पडला, एवढंच म्हणाला आणि पुन्हा बसला. पास झाला.

१९४६ साली तो पनवेलच्या हायस्कुलात शिपाई म्हणून लागला. पाच वर्षांनी कारकून झाला. दाखले लिहायचे काम त्याच्याकडे आलं आणि ते त्याने कोणाला परत दिलं नाही. जन्मतारीख शब्दांत आणि आकड्यांत, दोन्ही रजिस्टरशी ताडल्याशिवाय तो सही घ्यायला कागद पुढे करत नसे. पालक खोळंबायचे, कुरकुरायचे. पण घरताच्या हातचा दाखला कुठल्या कचेरीतून परत आला असं पनवेलात कोणी सांगत नसे.

१९५८च्या जूनमधल्या एका मंगळवारी अमजद त्याच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. अमजदचं बाजारात लोखंडी सामानाचं दुकान. बरोबर सतरा वर्षांची भाची, सायरा. सायराचे वडील आफ्रिकेत मोंबासा बंदरात नोकरीला होते, ते आदल्या वर्षी वारले. मग तिची आई सफूरा मुलीला घेऊन भावाकडे पनवेलला आली. सायराला डॉक्टर व्हायचं होतं. मुंबईच्या एका कॉलेजात तिने सायन्सला अर्ज केला होता, तो त्याच दिवशी हातात परत मिळाला होता.

"घरतभाऊ, बघा हो, काय म्हणतो तो कारकून," अमजद म्हणाला. "पोरगी नापास आहे म्हणतो. एवढा दर्या ओलांडून आली ती काय नापास सांगून घ्यायला?"

तुळशीरामने निकालाची चिठ्ठी घेतली. केंब्रिजची परीक्षा. सात विषय आणि प्रत्येकापुढे एक आकडा. इंग्रजी ३, साहित्य ४, गणित ३, फिजिक्स-केमिस्ट्री ३, बायॉलॉजी २, स्वाहिली ५, भूगोल ७. मुंबईच्या कारकुनाने खाली पेन्सिलीने बेरीज केली होती : २७. आणि शेजारी लिहिलं होतं : पासाला ३५ लागतात.

"मी सांगितलं त्यांना, चाचा," सायरा म्हणाली. "एक म्हणजे सगळ्यात चांगला. नऊ म्हणजे नापास. तर हसले. म्हणाले, नापास झालेली पोरं असंच काहीतरी सांगतात."

"मग?"

"मग जरा दया आली त्यांना. म्हणाले, तुझा भूगोल तेवढा बरा आहे, आर्ट्सला जा."

"आणि भूगोल कसा गेला होता?"

सायरा खाली बघून म्हणाली, "वाट लागली होती."

तुळशीराम हसला नाही. पण पोरगी खरं बोलते हे त्याला तिथेच पटलं. मिठागरात तो दोन्ही तऱ्हेचे आकडे वापरत आला होता. एक मापाचा आकडा असतो, तो जितका मोठा तितका चांगला. दुसरा प्रतीचा. पांढऱ्या, टपोऱ्या दाण्याची रास एक नंबर, चिखल लागलेली तीन नंबर. तीन नंबरचं मीठ एक नंबरच्या तिप्पट चांगलं, असं म्हणणाऱ्याला मिठागरात कोणी कामावर ठेवलं नसतं. मुंबईच्या कारकुनाने प्रतीचे आकडे मापाचे समजून बेरीज केली होती.

"मग द्या लिहून शाळेच्या कागदावर," अमजद म्हणाला. "पास आहे म्हणून. मारा शिक्का. किस्सा खतम."

"मला पटलं म्हणून त्यांना पटेल काय? मला ठाऊक आहे ते पोरगी सांगते तेवढंच. ते शिक्का मारून कसं देऊ?"

"अहो, शनिवार शेवटचा दिवस आहे!"

शनिवार म्हणजे चार दिवस. मोंबासाच्या शाळेला तिथे सुट्टी लागली होती. विमानाच्या टपालाने पत्र टाकलं तरी उत्तर यायला पंधरा दिवस. परीक्षेचं छापील सर्टिफिकेट विलायतेहून आगबोटीने येणार, ते सप्टेंबरात. आणि उरणच्या एका घरातून सायराला मागणी आली होती. मुलगी वर्षभर घरी बसली तर पुन्हा कॉलेजचं नाव निघणार नाही, हे सफूरा, अमजद आणि सायरा तिघांनाही ठाऊक होतं. सायरा नुसती चिठ्ठीची घडी करत आणि उलगडत राहिली.

"ती घडी घालू नको," तुळशीराम म्हणाला. "आकडा फाटेल."

कारकून झाल्यापासूनच्या सात वर्षांत त्याने पहिल्यांदा रजा मागितली, चार दिवसांची. हेडमास्तरांनी कारण न विचारता दिली.

बुधवारी सकाळी तो सायकल काढून निघाला. पनवेल-उरणची पुष्कळ मुसलमान घरं कधी ना कधी आफ्रिकेत किंवा ब्रह्मदेशात राहून आलेली. कोणाकडे तरी हीच परीक्षा असणार. अमजदने नावं सांगितली, तुळशीरामने दारं वाजवली. लोकांनी पासपोर्ट दाखवले, आगबोटीची तिकिटं दाखवली. एका म्हातारीने पेटीच्या तळातून देवी टोचल्याचा दाखला काढला आणि म्हणाली, "यात कुठं एक नंबर आहे का बघ रे बाबा."

सातव्या घरी एक सर्टिफिकेट मिळालं. पण त्यावर आकडेच नव्हते. विषयापुढे नुसते शब्द : व्हेरी गुड, क्रेडिट, पास. तुळशीरामने ते दोनदा वाचलं आणि काय हवं ते त्याला नीट कळलं. चिठ्ठीवर आकडे असतात, सर्टिफिकेटावर शब्द. एकाच माणसाची, एकाच परीक्षेची दोन्ही मिळाली तर कुठला आकडा म्हणजे कुठला शब्द ते शेजारी शेजारी मांडता येईल. नुसतं एक असून उपयोग नाही.

पण सर्टिफिकेट आल्यावर चिठ्ठी कोण ठेवतो?

गुरुवारी दुपारी तो उरणला रहीमच्या घरी पोचला. हे अकरावं घर. रहीम १९५१ साली झांझिबारहून परतला होता. त्याचं सर्टिफिकेट बैठकीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होतं.

"चिठ्ठी? ती तेव्हाच कुठे गेली असेल," रहीम म्हणाला.

तुळशीरामने चौकट खाली उतरवून पाठीमागून चाचपली. मिठाची रास वरून सगळ्यांचीच पांढरी असते. हात कोपरापर्यंत घातल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, ही त्याची सवय. पाठीचा पुठ्ठा मधोमध फुगला होता.

"हे उघडायला लागेल."

"भाऊ, काच फुटली तर अब्बाजान मला घराबाहेर काढतील. पुऱ्या मोहल्ल्यात ही एकच चौकट आहे."

"काच फुटणार नाही. सुरी द्या."

पुठ्ठ्याला चौदा चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकलेल्या होत्या. त्याने एकेक सुरीच्या टोकाने उचलली आणि मोजून रुमालात ठेवली. पुठ्ठ्याखाली जुन्या वर्तमानपत्राचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये, चौकट घट्ट बसावी म्हणून चौकटवाल्याने घातलेला, चार घड्यांचा एक कागद. झांझिबारची चिठ्ठी. परीक्षेचा नंबर सर्टिफिकेटावरचाच.

तुळशीरामने दोन्ही कागद सतरंजीवर शेजारी ठेवले. गणित : चिठ्ठीत २, सर्टिफिकेटात व्हेरी गुड. इंग्रजी : ६, क्रेडिट. इतिहास : ८, पास. केमिस्ट्रीपुढे चिठ्ठीत ९ होता. सर्टिफिकेटावर केमिस्ट्री शोधून सापडली नाही.

"केमिस्ट्री कुठे गेली?"

रहीमने आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गेली ती गेलीच. सात वर्षं झाली. अब्बाजानना अजून माहीत नाही."

सगळ्यात मोठा आकडा म्हणजे नापास, याचा यापेक्षा पक्का पुरावा तुळशीरामला कुठे मिळणार होता? पण तो कागद दुसऱ्याचा होता.

"हे मला मुंबईला दाखवायला लागेल. नावासकट. नाव झाकलं तर कोणी मानणार नाही."

रहीमने भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मुलीचा बाप नाही म्हणालात?"

"नाही."

"न्या. रविवारी परत आणा. तोवर फक्त चौकट रिकामी दिसता कामा नये."

सर्टिफिकेटाच्या जागी काय लावावं तुळशीरामला सुचेना, तेव्हा रहीमनेच एक कॅलेंडर कापून दिलं. त्याने मागे वर्तमानपत्र लावून चौकट पुन्हा बंद केली, चौदाच्या चौदा चुका ठोकल्या.

शुक्रवारी तो गव्हाणला घरी तक्ता करायला बसला. आकडा, सर्टिफिकेटातला शब्द, पुरावा कुठला, आणि सायराचे विषय. रहीमच्या कागदात जे आकडे नव्हते ते सातव्या घरच्या कागदावरून भरता येत नव्हते, कारण त्याची चिठ्ठी नव्हती. ती घरं त्याने कोरी ठेवली आणि तिथे 'पुरावा मिळाला नाही' असं लिहिलं. पहिला कागद शाईच्या थेंबाने गेला. दुसऱ्यात एक ओळ तिरकी आली. तिसरा नीट उतरला. मग त्याच्यावरून आणखी एक प्रत काढली.

अमजद दुपारी आला, तक्ता बघून खूश झाला आणि मग भूगोलावर थांबला.

"सात कशाला लिहिता? सायन्सला भूगोल कोण विचारतो? आणि तीन म्हणजे सत्तर टक्के, असं टाका ना एक घर. साहेबाला टक्के कळतात."

"तीन म्हणजे सत्तर हे कुठल्या कागदात आहे?"

"अंदाजाने हो!"

"अंदाजाने मी पोराची जन्मतारीख पण लिहीत नाही."

अमजद पाय आपटत गेला. तुळशीरामची बायको भामा सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "खरा हाय त्याचा. सात कशाला लिवता? पोरीचा नुकसान नाय काय?"

"लपवला नि सायबाला घावला, तर बाकीचे सा पन खोटं वाटतील."

"नि नाय घावला तर?"

"तर मला ठाव हाय ना."

भामाने मान हलवली. तिनेही मिठागरात राशी लावल्या होत्या.

शनिवारी पहिल्या एसटीने ठाण्याला वळसा घालून तुळशीराम, अमजद आणि सायरा मुंबईला पोचले. कारकुनाने सायराला ओळखलं. "काय, आर्ट्सचा फॉर्म हवा?"

"प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटायचं आहे," तुळशीराम म्हणाला. दीड तास बाकावर बसवल्यावर बोलावणं आलं.

प्रिन्सिपॉलांनी तक्ता वाचला, मग रहीमचे दोन्ही कागद वाचले, मग पुन्हा तक्ता. त्यांचं बोट नऊवर थांबलं. त्यांनी सर्टिफिकेटात केमिस्ट्री शोधली आणि मान हलवली. मग बोट सायराच्या भूगोलावर आलं.

"हा सात तुम्ही होऊन लिहिलात? सायन्सला भूगोल लागत नाही."

"लागत नाही. पण तिला मिळालाय."

"आणि तीन म्हणजे आपले किती टक्के?"

"ठाऊक नाही, साहेब. ते या कागदांत नाही. सहाला क्रेडिट मिळालंय आणि दोनाला व्हेरी गुड. तीन त्यांच्या मधे आहे, म्हणजे क्रेडिटच्या खाली नाही. याच्या पुढे मी सांगितलं तर ते माझ्या मनाचं असेल."

प्रिन्सिपॉलांनी घंटा वाजवून कारकुनाला बोलावलं. "या मुलीचा भूगोल बरा आहे असं तुम्ही म्हणालात?"

"हो सर, सात आहेत."

"तिचा तो सगळ्यात कच्चा विषय आहे. बाकी सगळं त्याहून चांगलं आहे. फर्स्ट इयर सायन्सला तात्पुरता प्रवेश द्या. सप्टेंबरअखेर मूळ सर्टिफिकेट यायला हवं. त्यात काही वेगळं निघालं तर प्रवेश रद्द." मग तुळशीरामकडे वळून त्यांनी विचारलं, "आपलं शिक्षण कुठपर्यंत?"

"मॅट्रिक. दुसऱ्या खेपेला."

"हा तक्ता मला ठेवून घेता येईल?"

"ही दुसरी प्रत तुमच्यासाठीच आणली आहे."

बाहेर कारकुनाने खुर्ची पुढे केली. आवाज एकदम बदलला होता. "बसा ना, साहेब. रंगूनचा एक अर्ज पडून आहे, त्यात नुसती अक्षरं आहेत, ए, बी... तो जरा बघता?"

"बघतो," तुळशीराम म्हणाला. "आधी हिची पावती."

पावती झाल्यावर तो खरंच बसला आणि रंगूनचा कागद पाऊण तास वाचला. शेवटी म्हणाला, जोडीचा कागद आणा, त्याशिवाय सांगता येणार नाही. अमजद दारात घड्याळ बघत उभा. त्याला आता राग येत नव्हता.

सप्टेंबरच्या वीस तारखेला विलायतेहून सर्टिफिकेट आलं. सायराने ते आधी कॉलेजात नेलं नाही, पनवेलच्या हायस्कुलात आणलं. तुळशीरामने हात धुतले, कपाटातून आपला तक्ता काढला आणि पट्टी लावून एकेक ओळ खाली उतरत गेला. बायॉलॉजी, व्हेरी गुड. गणित, क्रेडिट. इंग्रजी, क्रेडिट. सायरा समोर उभी राहून पट्टीकडे बघत होती. सहा ओळी जुळल्या, कोरी ठेवलेली घरंही क्रेडिटच्या खाली गेली नाहीत. सातवी भूगोलाची, सहाचं क्रेडिट आणि आठचं पास यांच्या मधली. पास.

त्याने पट्टी उचलली आणि सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं.

"सातच्या सात जुळल्या. आता जा घेऊन."