नारळ घेऊन वॉटर पार्कला

मे महिन्याच्या सुट्टीत एक दिवस वॉटर पार्कला जायचं, एवढंच ठरलं होतं. कुठल्या, यावरून घरात चार दिवस कलकलाट. एक पार्क सावंतवाडीच्या पुढे: मोठ्ठं, नवीन, चार मजली घसरगुंड्या. दुसरं तळेऱ्याच्या बाजूला: लहान, जुनं, रंग उडालेलं. माझी लेक ओवी आणि नवरा समीर मोठ्याच्या बाजूने. मी कोल्हापूरची, पाण्याला घाबरून नेहमी काठावर बसणारी, त्यामुळे माझं मत कोणी विचारलंच नाही.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, कोकमं निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "थंय लाटो येतत काय रे?"

मोठ्या पार्कात लाटा नव्हत्या. लहानात होत्या, 'वेव्ह पूल' म्हणून.

"मगे माका थंय व्हरा," आई म्हणाल्या. "माका एकदा लाटेत उभी रवाक व्हया."

आईंचं माहेर मिठबावचं, अगदी समुद्राला लागून! पण वडील मास्तर, शिस्तीचे. मुलींनी घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. मग लग्न, संसार, आणि आता गुडघे. पायाखालची वाळू सरकली की त्यांना उभं राहवत नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. म्हणजे साठ वर्षं ही बाई समुद्र नुसता बघत होती, आणि आम्हाला पत्ता नाही! ओवीने मोठ्या पार्कच्या जाहिरातीचा कागद घडी करून कचऱ्यात टाकला.

कणकवलीहून सकाळी आठला निघालो. महामार्ग आता झकास झालाय, पण पार्ककडे वळल्यावर शेवटचा तुकडा खड्ड्यांचा, गाडी जपून घाला. वाटेत घावणे-चटणी खाऊन घ्या, कारण आतली थाळी बरी असली तरी सोलकढी म्हणजे गुलाबी पाणी. तिकीट वयाच्या मानाने. ज्येष्ठांना सवलत आहे, ओळखपत्र न्या.

फाटकावर पिशव्या तपासतात. आईंच्या पिशवीतून निघाला सोललेला, शेंडी ठेवलेला नारळ. मिशीवाले रखवालदार म्हणाले, "आजी, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"खावक नाय रे बाबा! दर्याक देवक हाडलंय."

समीर लाजून लालेलाल. "आई, ह्यो दर्यो नाय गो. टाकी आसा ती!"

"लाट येता मा? मगे दर्योच तो."

रखवालदारांनी नारळ टेबलावर ठेवला, त्याला हात जोडले आणि परत नेण्यासाठी बिल्ला दिला. पुढची अडचण कपड्यांची. साडी नेसून पाण्यात सोडत नाहीत, नायलॉनचेच कपडे लागतात. मी दुकानातून निळी विजार आणि लांब बाह्यांचा सदरा आणला. आई कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच येईनात. "गावातल्या कोणी बघल्यान तर गो?" मी म्हटलं, गावातलं कोण कशाला येतंय इथे? तेव्हा कुठे टॉवेल पांघरून निघाल्या.

आणि तो पूल! अहो, मी बापजन्मात एवढं पाणी भिंतींत कोंडलेलं पाहिलं नव्हतं. या टोकाला पाऊल बुडेल इतकंच, त्या टोकाला काळंनिळं खोल. तळाशी खडबडीत लादी, कडेने लोखंडी कठडा. लाटा सुटायच्या आधी भोंगा वाजतो. मी कठडा धरून उभी राहिले. आईंनी वाकून पाणी कपाळाला लावलं, टॉवेल कठड्यावर टाकला आणि हात जोडून, चांगल्या खणखणीत आवाजात सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा!"

गाऱ्हाणं! इथे कुठल्याही कामाआधी देवाला साकडं घालतात आणि जमलेले होकार भरतात. पण ते घालायचं पुरुषांपैकी थोरल्याने. लग्नानंतरच्या बारा वर्षांत बाईच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलंच.

"ही तुझी लेकरां आज पाण्यात उतारतत म्हाराजा!"

आणि पाण्यातून, ट्यूबमध्ये बसलेल्या कुणा अनोळखी काकांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

"कोणाचो पाय घसरू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता दहा-पंधरा जण.

"ज्याचे गुडघे दुखतत, तेचे बरे कर म्हाराजा! आणि ह्या पाण्याचो जो कोण मालक आसात, तेचाव बरा कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खा पूल गरजला. खरं सांगते, मी रडले.

भोंगा वाजला. आईंचा एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या हातात. पहिली लाट गुडघ्याला, दुसरी कमरेला, तिसरीने छातीपर्यंत येऊन आम्हा दोघींना उचललं. आईंचे पाय क्षणभर जमिनीवरून सुटले. मी किंचाळले. त्या हसत होत्या, तोंड उघडं टाकून. भोंगा सहा वेळा वाजला, सहाही वेळा आम्ही तिथेच. घसरगुंड्या कशा आहेत ते ओवीला विचारा, मी पाहिल्या नाहीत.

परतताना रखवालदारांनी नारळ परत दिला. गाडीत आईंनी तो मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "तेंचो दर्यो भोंगो वाजवन येता. आमचो न सांगता येता." आणि थोड्या वेळाने, "ह्यो नारळ आता मिठबावाक. येत्या आयतवारी. मीच सोडतलंय."

तेव्हा कुठलं पार्क निवडावं? आधी घरातल्या गप्प बसलेल्या माणसाला विचारा, एवढंच मी सांगेन. नारळ देवापाशी ठेवलाय. निळे कपडे आईंनी मागे नाही, पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसतील अशा दोरीवर वाळत घातलेत. सकाळी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "ह्ये कोणाचे गो, ओवीचे?"

"नाय," आई म्हणाल्या, "माझे."