न म्हटलेला णमोकार

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. माझी बाकीची सगळी लक्तरं तिला पाठ आहेत. विलायतेत पहिल्या आठवड्यात टबाबाहेर उभं राहून तांब्यानं आंघोळ केली आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचं छत गळवलं — ही हकिकत तर मीच तिखटमीठ लावून सांगतो. बेळगावच्या कोर्टातले वकील चहाबरोबर माझ्या फजित्याच खातात म्हणा ना! पण त्या हकिकतींतला एक शनिवार मी दर वेळी गाळतो. अगदी सफाईनं गाळतो. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

भूपाल माझ्याच गल्लीतला, निपाणीचा. त्याच्या वडलांची तंबाखूची वखार, समोर आमचं दुकान. दोघं एकाच बोटीनं लंडनला गेलो. मी बॅरिस्टर व्हायला, तो व्यापाराचं शिकायला. निघताना त्याच्या आईनं, चंपाक्कानं, आम्हा दोघांचे हात एकात धरले. "आदू, माझा भूपाल भिडस्त हाय. तू मुलखाचा तोंडाळ हाईस. त्याच्यासाठी तू बोलत जा रं." सगळे हसले. मीही हसलो. तोंडाळपणाची कुणी एवढी किंमत केली नव्हती माझ्या.

दुसऱ्या हिवाळ्यात भूपालला न्यूमोनिया झाला. इस्पितळात नेलं तेव्हाच डॉक्टरचा चेहरा पडला होता. शुक्रवारी मी गेलो, तर त्याला धड बोलवत नव्हतं. माझी बाही धरून म्हणाला, "उद्या ये. कानात णमोकार सांग. माझं ध्यान लागंना झालंय."

आम्हा जैनांत जीव जाताना कानाशी णमोकार म्हणायचा असतो. शेवटी कानावर जे पडेल ते जीव बरोबर घेऊन जातो, असं आमच्याकडची माणसं मानतात. घरात माणूस गेलं की सांत्वनाला येणारी बाई पहिल्यांदा तेच विचारते — कानात सांगितला का? त्या अवाढव्य शहरात भूपालच्या ओळखीचा, तो मंत्र येणारा माणूस एकच होता. मी.

"येतो की! आणि मरायला तुला काय धाड भरलीय? तंबाखूच्या ठसक्यात वाढलेला गडी तू," असं काहीतरी म्हणालो. नर्सनं दारात सांगितलं, याच्यासाठी वेळेची अट नाही, कधीही या. म्हणजे बघा, तीही सबब मला उरली नाही.

शनिवारी सकाळी निघालो तो इस्पितळालाच निघालो होतो. कोपऱ्यावर धारवाडकडचा एक दोस्त भेटला, बरोबर आणखी दोघे. शहर बघायचं आणि दुपारी नाटक, असा त्यांचा बेत. त्यांच्याजवळ एक तिकीटही जास्तीचं होतं. म्हटलं, जरा फिरतो आणि मग जातो. आधी गोऱ्यांचं एक मोठं देऊळ, म्हणजे चर्च, पाहिलं. त्याच्या घुमटाखाली एक गोल सज्जा आहे. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पार पलीकडे कान लावलेल्या माणसाला जसंच्या तसं ऐकू जातं. मी काय कुजबुजलो असेन? आमच्या निपाणीच्या बाजारातली एक अस्सल कानडी शिवी. पलीकडे धारवाडकर कोलमडला हसून. मग नदीवर गेलो. मग तो जुना किल्ला, तिथले माजलेले कावळे. प्रत्येक ठिकाणी मनात तेच — हे झालं की जायचं.

मग नाटक. त्यात एक नवरा मेल्याचं सोंग घेऊन पडतो आणि बायको काय बोलते ते ऐकतो. मी एवढा हसलो, एवढा हसलो, की पुढच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं. मध्यंतरात उठता आलं असतं. इस्पितळ तिथून लांब नव्हतं.

मग का नाही उठलो? विसरलो होतो? छे. तिकिटाचा मोह? अर्धं नाटक तर बघून झालं होतं. — सांगतो. आदल्या दिवशी भूपाल बोलत होता तेव्हा ती नर्स शेजारी उभी होती. पलीकडच्या खाटेवरचा लाल मिशांचा गोरा आमच्याकडे टकामका बघत होता. मी नवी हॅट घेतली होती. ती काढून, डोळे मिटून, वाकून, आमच्या देवळातल्या सुरात मी "णमो अरिहंताणं" म्हणतोय, आणि ती दोघं बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मला लाज वाटली. एवढंच. याच्याखाली आणखी काही सापडतंय का म्हणून मी पुष्कळ उकरून पाहिलंय. नाही सापडत.

रविवारी संत्री घेऊन गेलो. खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती. नर्सनं मला ओळखलं. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत तो दाराकडे कान करून पडला होता, कूस बदलू देईना. मग मलाच काही शब्द शिकवायला लागला. मी म्हणून पाहिले, पण माझी जीभ वळेना. शेवटी नुसती जवळ बसले."

जिच्यापुढे मला लाज वाटत होती, ती म्हणून बघत होती.

शिक्षण पुरं करून मी परतलो. बेळगावला गाडीतून उतरलो तो थेट निपाणी गाठली. बातमी आल्या दिवसापासून चंपाक्कानं मीठ सोडलं होतं. भूपालच्या कानात णमोकार पडला का, ते कळेपर्यंत घ्यायचं नाही म्हणून. माझ्यापुढे बसली आणि एकच विचारलं, "सांगितलास न्हवं, आदू?"

"व्हय, आक्का," मी म्हणालो.

तिथं तरी थांबावं की नाही? पण हकिकत रंगवायची खोड! त्यानं हात जोडले म्हणालो. प्रत्येक पदाला मान हलवली म्हणालो. शेवटी हसला म्हणालो. वखारीतल्या बायकासुद्धा डोळे पुसत होत्या. आक्कानं त्या दिवशी मीठ घेतलं.

पुढं तर माझं नावच झालं. विलायतेत णमोकार सांगितलेला माणूस! निपाणी-चिकोडीकडं कुणाला घरघर लागली की मला बोलावणं यायचं. कोर्टात माझ्या शब्दाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, पण मरणाऱ्याच्या कानाशी माझी पत भलती मोठी. मी जायचो. न जाऊन कारण काय सांगणार होतो?

गेल्या उन्हाळ्यात चंपाक्काचं अन्नपाणी सुटलं. म्हणाली, आदूच पाहिजे. मोटारीत बसतानाच ठरवलं, आज तिला खरं सांगायचं. निपाणीच्या अलीकडचा तवंदीचा घाट उतरेपर्यंत तो निश्चय टिकला.

भर दुपार. वखारीमागची खोली माणसांनी भरलेली, सगळे हात जोडून उभे. मी वाकलो. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "पयलं सांग... त्यानं ऐकलंतं न्हवं? समदं?"

माझं तोंड तिच्या कानाला लागलेलं होतं. मी काय बोलतोय ते दुसऱ्या कुणालाही ऐकू जाणार नव्हतं. खरं सांगायला याहून सोयीची जागा मला कधी मिळाली नसती.

"व्हय, आक्का. समदं ऐकलं. हसला."

आणि णमोकारासाठी श्वास घेतला, तोच तिची मान कलंडली. मी तसाच मोठ्यानं मंत्र म्हणायला लागलो, उभ्या माणसांसाठी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट सुरात. चंपाक्का णमोकारावर गेली असं सगळी निपाणी म्हणते. ती काय ऐकत गेली ते मला ठाऊक आहे.