रंगवलेलं दार

तरुणपणी हौशी नाट्यस्पर्धेसाठी आम्ही एक अमेरिकन नाटक मराठीत केलं होतं. नेपथ्य माझ्याकडे होतं. उपनगरातली गल्ली, हिरवळ, पांढरं कुंपण आणि मागच्या पडद्यावर समोरच्या घराचं नुसतं रंगवलेलं दार. "मग शेजारी कुठून येणार?" मी विचारलं, तर दिग्दर्शक म्हणाला, "या नाटकात शेजारी येत नाहीत, नुसते दिसतात." मला ते काही पटलं नव्हतं. आमच्या आळीत शेजारी हाकही न मारता थेट स्वयंपाकघरात यायचे.

आता अमेरिकेत, मुलीच्या घराच्या खिडकीतून तेच नेपथ्य दिसतं. ती कामावर गेली की दिवसभर रस्त्यावर माणूस नाही. समोरच्या ओसरीवर एक म्हातारी एकटीच बसते. काल फिरून येताना मी थांबलो, मोडक्या इंग्रजीत हवापाण्याचं बोललो आणि निघताना सवयीने "येतो" म्हणालो, पण इंग्रजीत: "आय विल कम." ती हसून म्हणाली, "टुमारो?" तीही बोलायची रीत समजून मी मान डोलावली.

आज सकाळी तिच्या ओसरीवर दुसरी खुर्ची होती, वर उशी ठेवलेली. तेव्हा मला माझी चूक कळली. काय बोलायचं, किती वेळ बसायचं, रिकाम्या हाताने कसं जायचं, यातच दुपार उलटली. शेवटी डब्यात चार लाडू भरले, बूट चढवले आणि दार उघडलं.

समोर म्हातारी दुसरी खुर्ची आत नेत होती. मागोमाग दार लागलं. इथून ते अगदी मी रंगवलं होतं तसंच दिसत होतं.