मीटरवरचं कुंकू

लिहिणं हे माझं काम नाही. मी बोरिवलीला एका टॅक्स कन्सल्टंट मॅडमकडे असिस्टंट आहे आणि संध्याकाळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला बसतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी कुठेतरी चुकलं असणार असं वाटत राहतं. वाचणाऱ्यांनी आधीच माफ करावं. पण या प्रकरणात चूक माझी होती आणि शिक्षा दुसऱ्याला होत होती, म्हणून धीर करून लिहितो.

जानेवारीतली सकाळ. मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडे मनोरीच्या एका बर्फ कारखान्याचे मालक. त्यांना सगळे शेठच म्हणतात.

"शेठ, डिझेल एवढं जातंय आणि वीज तेवढी निघत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "लिटरमागे तीन-साडेतीन युनिट निघायला हवेत. तुमचे दोनसुद्धा धड निघत नाहीत."

"म्हणजे डिझेल कोणीतरी पितंय."

"मी तसं नाही म्हटलं. जनरेटर बिघडला असेल."

"सर्व्हिसिंग आत्ताच झालीय मॅडम. टाकीची चावी एकाच माणसाकडे असते. बाबलकडे. बघतो मी त्याला."

फोन बंद झाला. मी समोरच्या फाइलमध्ये मान घातली आणि तशीच ठेवली.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो. कारखाना वीज कंपनीकडून वीज घेतो तेव्हा सरकारचा कर बिलातच येतो. बिलात विजेच्या विक्रीवरच्या कराची वेगळी ओळ असते. त्यातला पैसा सौर पंपांकडे वळतो, असं मॅडम सांगतात. कंपनी तो गोळा करते आणि सरकारला भरते. पण कारखाना स्वतःचा जनरेटर लावून वीज तयार करतो, तेव्हा बिल देणारं कोणीच नसतं. डिझेलच्या धुरातून निघाली तरी ती वीजच, आणि तिच्यावर वीज शुल्क असतं. ते मालकानेच मोजायचं. जनरेटरला सील केलेला मीटर असतो. महिन्याचं रीडिंग घ्यायचं, स्टेटमेंट विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात द्यायचं आणि ऑनलाइन चलन काढून शुल्क भरायचं. सगळा डोलारा त्या एका आकड्यावर.

मनोरीचा आकडा आणायचं काम माझं. दर महिन्याला मार्वेहून बोटीने जायचं, मीटर बघायचा, शीटवर लिहायचं आणि खाली सही करायची. सहीच्या वर छापलेलं असतं : 'प्रत्यक्ष पाहून नोंद केली.'

ऑक्टोबरात गेलो तेव्हा खंडेनवमी नुकतीच झाली होती. बाबलकाका हे तिथले जनरेटर ऑपरेटर. मूळचे मालवणकडचे, आमच्यासारखेच. त्यांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. कॉम्प्रेसरला हार, जनरेटरला हार. मीटरच्या काचेवर हळद-कुंकू तुपात कालवून हाताने फासलं होतं. ते वाळून घट्ट बसलं होतं. आतला आकडा दिसत नव्हता.

"काका, रीडिंग?"

"वहीत लिवलंय मां. थंयसून घे."

मी वहीतून उतरवलं आणि सही केली. नोव्हेंबरात तेच. डिसेंबरात तेच. खरं सांगायचं तर काच पुसावी हे माझ्या मनातच आलं नाही. माझे बाबा वर्कशॉपमध्ये टर्नर होते. त्यांच्या लेथवरचं कुंकू आम्ही कधी पुसलं नाही. ते आपसूक उडायचं. देवाला लावलेलं पुसायचं नसतं, हे मला कोणी शिकवलंही नव्हतं, इतकं ते आतलं होतं.

जानेवारीतल्या त्या फोनच्या वेळी मला कळलं की काच माखलेली असताना वहीतला आकडा मीटरचा नसणार. पण मी बोललो नाही. बोललो तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर शेवटच्या वर्षाची फी कोण भरणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. कॉलेजात बसलो, पण सरांनी काय शिकवलं ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला.

"झिला, माका घराक बसवल्यानी. डिझेल इकतंय म्हणतत. बावीस वर्सां झाली हंय. येक थेंब घराक न्हेलंय नाय रे."

"काका, वहीत आकडा कुठून लिहायचात?"

"जनरेटर किती तास चललो ता लिवतंय. तासाक किती युनिट ता माका पाठ आसा. गुणायचा आणि लिवायचा."

मी फोन ठेवला आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. बसायचं धाडस झालं नाही.

"मॅडम, तीन महिने मी मीटर बघितलाच नाही."

त्यांनी चष्मा काढला. "काय?"

मी सगळं सांगितलं. कुंकवाचं सांगताना आवाज अगदीच बारीक झाला.

"सिद्धेश, तुझ्या सहीवर मी सरकारला स्टेटमेंट दिलंय रे! माझी सही आहे त्याच्यावर. वाट लावलीस तू." मग फाइल पुढे ओढून म्हणाल्या, "दिवाळीनंतर तिथे नवा कॉम्प्रेसर बसला ना?"

"हो. त्याच्यासाठीचा वाढीव लोड वीज कंपनीने अजून मंजूर केलेला नाही. तोवर तो जनरेटरवरच चालतो."

"मग तासाला युनिट वाढणारच. आणि तुझे काका जुन्या हिशेबाने गुणतायत. चल, ऊठ."

"मी उभाच आहे मॅडम."

मार्वेहून बोट पकडून आम्ही मनोरीला गेलो.

शेठ कारखान्यात होते. काकांनाही बोलावून घेतलं होतं. ते दाराशी उभे होते, आत येत नव्हते. मॅडम म्हणाल्या, "आधी काच पुसा."

"पुसूचा नसता," काका हळूच म्हणाले.

"बाबल, आता तरी अक्कल चालव रे!" शेठ ओरडले.

काका हलले नाहीत. शेवटी मी पुढे झालो. मीटरला नमस्कार केला, ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. तुपामुळे सगळं पसरलं आणि काच आणखीच लाल झाली. आकडा वहीएवढाच निघाला, तर मीच काकांना चोर ठरवून जाणार होतो. दुसऱ्यांदा साबण लावला. एकेक अंक दिसायला लागला, तसा मॅडम मोठ्याने वाचत गेल्या. मग कॅल्क्युलेटर काढला. शेठ त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"लिटरला सव्वातीन," मॅडम म्हणाल्या. "डिझेल कोणी प्यायलेलं नाही शेठ. जनरेटरनेच प्यायलंय. तुम्ही वीज जास्त केलीत आणि शुल्क कमी भरलंत."

"म्हणजे आता मलाच भुर्दंड?"

"फरक आणि व्याज भरायचं. दंड लावायचा की नाही, ते निरीक्षक ठरवतील."

शेठ काकांकडे न बघता बाहेर गेले. काकांनी माझ्या हातातलं फडकं मागून घेतलं, त्याची नीट घडी केली आणि ते पिशवीत ठेवलं.

मॅडमनी सुधारित स्टेटमेंट केलं. सोबतच्या पत्रात कारण काय लिहायचं, असं मी विचारलं. मला वाटलं 'तांत्रिक अडचण' वगैरे लिहितील. त्यांनी लिहिलं : 'पूजेच्या कुंकवामुळे मीटरची काच झाकली होती. आमच्या प्रतिनिधीने प्रत्यक्ष रीडिंग घेतले नाही.' प्रतिनिधी म्हणजे मी. फरक आणि व्याजाचं चलन त्याच दिवशी भरलं.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. ऑफिसात पोस्ट आली की मी दचकायचो. शेठनी काकांना कामावर परत बोलावलं नव्हतं. निरीक्षकांचं उत्तर येऊ दे, असं म्हणत होते. मॅडमनी मला काढलं नाही, पण माझ्या शीटवर सही करायच्या आधी त्या आता फोटो मागतात. मागायलाच हवा. मी जे शिकलो ते एवढंच : सही करण्याआधी काच पुसावी, मग ती कोणीही, कशानेही माखलेली असो.

मार्चमध्ये पत्र आलं. सुधारित स्टेटमेंट स्वीकारलं होतं. दंड नव्हता, पुढच्या वेळेसाठी ताकीद होती. मी त्याचा फोटो शेठना पाठवला. दोन दिवस त्यांच्या उत्तरासाठी मी फोन उलटसुलट करत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. मागे जनरेटरची घरघर ऐकू येत होती, म्हणून ते ओरडून बोलत होते.

"झिला, शेठ सोता घराक इललो! आजपासून कामार आसंय. आणि आयक, मीटरच्या खाली येक पाट ठोकलंय. कुंकू आता थंय लागतला. तू येवन काच बघ, साफ आसा!"