भोईर बाई आणि नऊ नंबरची जागा

भोईर बाई हजेरी घेताना कुणाचंच नाव घेत नसत. आम्हाला मैदानात ओळीत उभं करायच्या आणि विचारायच्या, "आज कोन नाय आली, आनि का नाय आली?" हे शेजारच्या मुलीला ठाऊक असायला हवं, असा त्यांचा नियम होता. ठाऊक नसलं तर तिने मैदानाला फेरी मारायची. जी आली नाही तिला शिक्षा नाही, तिच्या शेजारणीला. मी पहिली फेरी मारली ती आमची गोलकीपर रुखसार आली नव्हती तेव्हा. तिच्या आईला दवाखान्यात नेलंय हे मला माहीत नव्हतं. फेरी संपल्यावर बाई म्हणाल्या, "जिच्या भरवशावर गोल सोडून पुढं पलतेस, तिच्या घरात काय चाललंय ते नको माहीत?"

वनिता भोईर आमच्या डोंबिवलीच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. मानपाड्याच्या पुढच्या एका गावातल्या. लग्नाआधी त्या कबड्डी खेळायच्या. फुटबॉलला त्यांनी चाळिशीपर्यंत पाय लावला नव्हता. मधल्या सुट्टीत मुली मुलांचा बॉल पळवून खेळताना दिसल्या, तेव्हा त्यांनी हेडसरांकडे मुलींची टीम मागितली. हेडसरांनी विचारलं, "शिकवणार कोण?" बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत ठाण्याला प्रशिक्षकांच्या वर्गात जाऊन बसल्या. विशीतल्या पोरांमध्ये एकट्या. शाळा उघडली त्या दिवशी हेडसरांना म्हणाल्या, "मी शिकवणार."

बाईंच्या दोन भाषा होत्या. मैदानावर गावची, आगरी. ऑफिसात पुस्तकातली. आम्हाला त्यांच्या आगरी ओरडण्याची भीती कधी वाटली नाही. पण बाई मैदानावर "तुम्ही सर्वजणी जरा इकडे या" असं शुद्ध बोलल्या, की आपलं आता काही खरं नाही हे कळायचं.

मी आठवीत नऊ नंबर घालून पुढे खेळायचे. त्या वर्षी आमची टीम पहिल्यांदाच जिल्हा पातळीला पोहोचली, आणि त्याच सुमारास ठाण्याच्या एका नावाजलेल्या क्लबच्या कोचनी मला पाहिलं आणि क्लबमध्ये बोलावलं. टर्फचं मैदान, फिजिओ, परराज्यातल्या स्पर्धा. अट एकच होती, क्लबच्या मुलींनी शाळेकडून खेळायचं नाही. बाबा घरी येरझारा घालत बोलत होते, "अगं, असा चान्स परत येतो का? शाळेच्या खडीत खेळून काय होणारे?" आईला रोजच्या ठाण्याच्या फेऱ्यांची काळजी होती. मी बाईंकडे गेले.

"बाई, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार."

बाई गोलपोस्टची जाळी बांधत होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "मी नको म्हनावं म्हनूनच आलीस ना? म्हंजे तुला ठरवायला नको."

त्यांनी जाळीची शेवटची गाठ मारली.

"तिकडं तुला खेल चांगला शिकवतील. माझ्यापेक्षा चांगला, ह्यात खोटं नाय. हितं तुझ्या मैत्रिनी हाईत. दोन्ही पायजे असलं तर आधी विचारून बघू. चल, ठाण्याला."

शनिवारी आम्ही बसने ठाण्याला गेलो. क्लबच्या ऑफिसात बाई शुद्ध मराठीत बोलल्या. शाळेचे सामने वर्षातून मोजकेच असतात, तेवढ्यापुरती मुलीला मोकळीक द्यावी. कोच सभ्य माणूस होता. म्हणाला, "मॅडम, तिकडे पाय मोडून आली तर आमची सगळी मेहनत वाया. एकीला सोडलं की सगळ्या मागतील." बाईंनी पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. तो पुन्हा नाही म्हणाला. बाहेर येऊन नौपाड्यात आम्ही उसाचा रस प्यायलो. बाई म्हणाल्या, "मी मागून बघितलं. तो नाय बोलला. आता तुझं तू सांग. आनि जे सांगशील ते रडत नको सांगू."

मी क्लब निवडला. सोमवारी टीमला ते बाईंनीच सांगितलं, मला मान खाली घालून उभं राहावं लागलं नाही. जिल्ह्याला आमची शाळा पहिल्याच सामन्यात हरली. त्याबद्दल बाईंनी मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

क्लबने मला खरंच घडवलं. आलेला बॉल एका स्पर्शात कसा थांबवायचा, न बघता शेजारी कोण आहे हे कसं ओळखायचं, हे मी तिथे शिकले. पण तिथे दर तीन महिन्यांनी निवड व्हायची. जी शेजारी बसून बूट बांधायची ती पुढच्या वेळी असेलच असं नाही. आणि नसली, तर का नाही हे कुणी विचारत नसे. नववीच्या शेवटी सरावात माझा गुडघा वळला आणि आतलं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं. क्लबने खर्चाचा वाटा उचलला, चौकशी केली, आणि पुढच्या निवडीत माझं नाव नव्हतं. त्यात त्यांनी काही नियमाबाहेर केलं नव्हतं. मी मात्र महिनाभर खोलीचा पडदा उघडला नाही.

रुखसारने बाईंना सांगितलं. बाई घरी आल्या, पडदा सरकवला आणि फिजिओने दिलेले व्यायाम कोणते ते विचारलं. "उद्यापासनं शालेत, मधल्या सुट्टीत. मी काय डाक्टर नाय. डाक्टरनी सांगितलंय ते तू करतेस का नाय, ते बघनारी हाय." त्या रोज समोर खुर्ची टाकून बसायच्या. दुखतंय म्हटलं तर म्हणायच्या, "कुठं दुखतं ते डाक्टरला सांग. कंटाला आला असंल तर मला सांग." बहुतेक वेळा कंटाळाच असायचा.

दहावीच्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. मला वाटलं, नऊ नंबर माझी वाट बघत असेल. तो आता आठवीतल्या प्राजक्ताकडे होता, आणि बाईंनी मला बाकावर बसवलं. बाबा तडक शाळेत आले. "मॅडम, क्लबमध्ये तयार झालेली पोरगी तुम्ही बाकावर बसवता?"

बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या, "साहेब, ती जागा आता दुसऱ्या मुलीची आहे. तुमची मुलगी मेहनत करून जागा मिळवेल. मी कुणाची काढून देणार नाही."

मला राग आला होता, पण बाईंचं म्हणणं खोडता येत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी सरावाला गेले. बाई म्हणाल्या, "तिकडं शिकलीस ते हितं वाट." मी प्राजक्ताला बॉल एका स्पर्शात थांबवायला शिकवू लागले. सुरुवातीला ती माझ्याकडे संशयाने बघायची. मग सराव संपल्यावर स्वतःहून थांबू लागली. बाईंनी मला मागच्या फळीत उभं करून पाहिलं. तिथून सगळं मैदान दिसतं, हे मला तेव्हा कळलं.

जिल्ह्याला मी मागे खेळले, दोन नंबर घालून. उपांत्य सामन्यात मी उचललेला लांब बॉल प्राजक्ताने छातीवर घेतला, एका स्पर्शात खाली ठेवला आणि गोल केला. शेवटी तो सामना आम्ही पेनल्टीवर हरलो. परतीच्या बसमध्ये प्राजक्ता माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. सामना बघायला आलेले बाबा पुढच्या सीटवर बसून बाईंना तो गोल पुन्हा पुन्हा सांगत होते.

बाई निवृत्त झाल्या, गावी राहतात. मी आता ठाण्यातल्या एका अकादमीत मुलींना शिकवते. मुलाखतीत मी एकच अट घातली, शाळेच्या मोसमात मुली शाळेकडून खेळतील. संचालकांनी बरीच घासाघीस केली आणि एका वर्षापुरतं मान्य केलं. बाहेर येऊन मी बाईंना फोन लावला. शाबासकी मिळेल अशी आशा होती.

"बाई, ऐकलं त्यांनी. पण एकाच वर्षासाठी."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग वरीसभरात अशा पोरी तयार कर, का पुढच्या टायमाला ती अट त्यानीच घातली पायजे. फोन ठेव, कामाला लाग."