डांबरगोळीच्या वासाची झबली

बायकोनं तिच्या जुन्या साडीचं एक टोक धरलं, मी दुसरं. "घडी नीट घाला, टेलर म्हणवता," म्हणाली. साडी पेटीत ठेवली, वर डांबरगोळ्या टाकल्या. नातसुनेच्या बाळाला झबली ह्याच साडीची शिवायची, हे तिनं ठरवून टाकलेलं. त्याच आठवड्यात ती गेली.

नातसून बाळंत झाली, मुलगी. मी पेटी उघडली. आमच्यात तान्ह्या बाळाला कोरं कापड घालत नाहीत, पणजीचं वापरून मऊ झालेलं घालतात. झबल्याची शिवण बाहेरून घ्यायची, आत टोचते. बटण नाही, नाडी. कापड कापण्याआधी पाण्यात घालतात, मागनं आकसू नये म्हणून. जुनं आकसत नाही, म्हणून मी पाण्यात घातलं नाही. खरं म्हणजे डांबरगोळीच्या वासाखाली तिचा वास होता. शिकेकाई, बुक्का.

झबली शिवून पिशवीत घातली नि हॉस्पिटलात गेलो. बाळाला थोडी कावीळ होती. डॉक्टरीणबाईंनी एक झबलं नाकाशी धरलं.

"अज्जा, हे गोळ्यांतलं?"

"हो. आमची तिन्ही पोरं असल्याच कपड्यांत वाढली. काय धाड भरली नाही त्यांना."

"तुमचं नशीब, अज्जा."

मग त्यांनी समजावलं. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते, बाहेरून कळत नाही. अशा बाळाच्या अंगात ह्या गोळीची वाफ गेली की रक्त आतल्या आत फुटतं, कावीळ वाढते, मेंदूलाही धोका होतो. तेल चोळलेल्या अंगात तर ती जास्तच मुरते. हिच्या रक्ताची टेस्ट पाठवलेली, रिपोर्ट यायचा होता.

"धुतलं तर?" मी विचारलं.

"धुवा, उन्हात टाका. वास थोडा राहिला तरी घालायचं नाही."

"सगळा वास घालवायचा?"

"सगळा."

नातसून पलंगावरनं माझ्याकडंच बघत होती. तिला कळलं असणार. हळूच म्हणाली, "आजोबा, एक तसंच ठेवा. तुमच्याजवळ."

"बाळ घरात येणार, आणि मी उशाशी डांबरगोळी ठेवू? येडी का काय तू?"

सकाळी नळाला पाणी आलं तशी सगळी झबली साबणात घातली. पेटी गच्चीवर नेऊन उघडी टाकली, गोळ्या बाहेर नेऊन फेकल्या. झबली दोनदा धुतली, वाळल्यावर एकेकाला नाक लावलं. एकाला वास होता. ते परत बादलीत घातलं.

कापड आधी धुवायचं. जुनं असलं तरी.